अडुळसा लावा, पण तो संदेश विसरा

‘दारात अडुळसा लावा. रोज पाच कच्ची पानं चावा. कफ, दमा, क्षय मुळापासून जातो. झाडपाल्याचं औषध, गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळालाही चालतं. कुंडी ठेवली की डास फिरकत नाहीत.’ पावसाळा आला की हा संदेश फिरू लागतो.

कफाचं म्हणणं निराधार नाही. पानांत व्हॅसिसीन असतं आणि ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध त्याच्यावरूनच तयार झालं. क्षयाला मात्र काही महिन्यांचा औषधांचा पूर्ण कोर्सच लागतो. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर काढे करत बसू नका, थुंकी तपासा. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

‘गरोदर बाईला चालतं’ हे तर धोक्याचं. हेच व्हॅसिसीन गर्भाशय आकुंचित करतं, त्यामुळे गर्भपाताची भीती असते. एवढ्यासाठी तरी हा संदेश पुढे पाठवू नये. तान्ह्याला रस-मधाचं चाटण देतात, तेही नको: वर्षाच्या आतल्या बाळाला मध वर्ज्य.

कच्ची पानं चावून तोंड कडू होण्यापलीकडे फारसं काही साधत नाही. पानं चिवट, नुसती कुटली तर रस जेमतेम निघतो. म्हणून जुनी रीत पुटपाकाची: कुटलेल्या पानांचा गोळा वडाच्या किंवा जांभळाच्या पानांत गुंडाळायचा, वर दोन बोटं जाड चिखल थापायचा, माती लाल होईतो गोवऱ्यांत भाजायचा आणि मग पिळायचा. घरी मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवूनही काम होतं. मध घालायचा तो रस निवल्यावर. मोठ्या माणसाची मात्रा दिवसाला 10 ते 20 मिली. दमेकऱ्याने पंप सोडून यावर विसंबू नये.

डासांचं? उभं झाड त्यांना हुसकावत नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर उलट तिथेच अंडी घालतील.

झाडाचा खरा गुण कुंपणाला. कडू पाल्याला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे 15 ते 20 सेंमीचे तुकडे घ्या, दोन पेरं मातीत जातील असे लावा, दोन फुटांवर एक. पाणी साचलं की काडी बुडातून कुजते, म्हणून वाफा उंच हवा. रोपवाटिकेतून आणताना फूल पाहा: पांढरं, खालच्या ओठावर जांभळट रेघा. काळा अडुळसा निराळा, लांब अरुंद पानांचा. तो घेऊन येऊ नका.