अख्ख्या भजनाला जवारी?

परवा रात्री साडेदहाला आक्काचा फोन. "माझा सूर गेलाय काय रे? खरं सांग."

तीस वर्षं भजनी मंडळात पुढे बसून गाणारी बाई असं विचारते म्हटल्यावर मी आधी तब्येतीची चौकशी केली. तब्येत ठणठणीत. झालं होतं एवढंच, की भाचीनं मंडळाचा हरिपाठ लॅपटॉपवर रेकॉर्ड करून, 'मास्टर' करून (म्हणजे सगळे आवाज एकत्र झाल्यावर त्यावर शेवटचा हात फिरवून), ग्रुपवर टाकला होता. तो ऐकून दोघीतिघींनी आक्काला विचारलं, घसा बसला होता का म्हणून.

फाइल मागवून ऐकली. पेटी आणि आक्का एकत्र आल्या की मागे कुणीतरी बेसूर घुमतंय, पखवाजाच्या प्रत्येक 'धा'ला आवाज घोगरा होतोय, टाळांवर वाळू सांडल्यासारखी चरचर. भाचीला विचारलं, मास्टरवर काय लावलंयस? तिनं उत्तराऐवजी एक फॉरवर्ड पाठवला. 'घरच्या स्टुडिओसाठी पाच गुपितं.' लेखक अज्ञात, इमोजी मुबलक. माझ्याकडे हा या महिन्यात तिसऱ्यांदा आला. पहिल्या दोन वेळा मी दुर्लक्ष केलं होतं, ती चूक आता निस्तरतो.

पाच गुपितं थोडक्यात अशी. एक: तंबोऱ्याची जवारी (तार घोडीवर घासून उठणारी झणझण) जे काम करते तेच सॅच्युरेटर (आवाज मुद्दाम थोडा फाडणारं सॉफ्टवेअर) करतो, म्हणून मास्टरवर सॅच्युरेटर लावा आणि 'अख्ख्या गाण्याला जवारी काढा', सुराला धक्का लागत नाही, फक्त रंग चढतो. दोन: ओव्हरसॅम्पलिंगचं बटण बंद ठेवा, ते नुसता प्रोसेसर खातं. तीन: कंप्रेसर टाळा, कंप्रेस करणं म्हणजे एमपी३सारखी क्वालिटी घालवणं. चार: लेव्हल शून्याला, म्हणजे कमाल मर्यादेला, ठोका, जो मोठ्यानं वाजतो तोच ऐकला जातो. पाच: डिजिटल आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक असतो, म्हणून हे सगळं करावंच लागतं.

पहिल्या गुपिताचा पहिला अर्धा भाग जवळपास खरा आहे. मला तेच जास्त खुपतं, कारण त्याच्या जोरावर पुढचा अर्धा खपून जातो.

जवारीबद्दल चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. मोजून पाचेक पानांचा, पण शंभर वर्षं झाली तरी या विषयाची सुरुवात तिथूनच होते. पाठ्यपुस्तकातला नियम असा, की तार जिथे छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या वरच्या स्वराचा) स्थिर बिंदू असेल तो हार्मोनिक ऐकू येता कामा नये. रामन यांना वीणेत आणि तंबोऱ्यात तो ऐकू आला, आणि चांगला जोरात. कारण तंबोऱ्याची घोडी सपाट-गोलसर असते, तार तिला प्रत्येक हेलकाव्यात घासून सुटते, आणि तारेखालचा दोरा ती घासण्याची जागा ठरवतो. तारेत नसलेलं काहीतरी घोडीवर तयार होतं. खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे कुणी न छेडलेला, गंधार इतका स्पष्ट येतो त्यात या घासण्याचा मोठा हात आहे. तेव्हा 'डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) म्हणजे परदेशी घाण' असं म्हणणाऱ्या बुजुर्गांच्या विरोधात हा फॉरवर्ड असता तर मी स्वतः पुढे पाठवला असता.

सॅच्युरेटर किंवा वेव्हशेपर हाही याच जातीचा, फक्त बराच साधा. जवारीत तारेची मागची हालचालही मोजली जाते. वेव्हशेपरला मागचं काही आठवत नाही. त्याच्याकडे एक आलेख असतो: आत एवढं आलं तर बाहेर तेवढं. आलेख सरळ रेषेत असेल तर आवाज फक्त लहानमोठा होतो. रेष वाकली की नवे स्वर जन्मतात. २४० हर्ट्झचा एकच शुद्ध सा आत सोडा. रेष दोन्ही बाजूंना सारखी वाकलेली असेल तर बाहेर २४०बरोबर ७२० येतं, १२०० येतं. ७२० हा पंचम, १२०० हा गंधार. छान लागतं. भाचीनंही आधी आक्काचा एकटीचा सुरुवातीचा आलाप लावून बघितला आणि तिला ते आवडलं. मलाही आवडलं असतं.

घोळ दुसरा स्वर आला की होतो. दोन स्वर एकत्र त्या वाकड्या रेषेतून गेले, तर ज्याचे त्याचे हार्मोनिक तर येतातच, शिवाय दोघांच्या बेरजा-वजाबाक्याही येतात. यातली सगळ्यात त्रासदायक वजाबाकी म्हणजे एकाची दुप्पट वजा दुसरा. सा २४० आणि प ३६० घ्या: ४८० वजा ३६०, उरले १२०. मंद्र सा. वा! रॉक गिटारवाले फझ (आवाज जोरात फाडणारं यंत्र) लावून फक्त सा आणि प दाबतात ते उगाच नाही. तेवढ्या दोन स्वरांत भेसळसुद्धा सुरात पडते.

आता पेटीचा गंधार घ्या. पेटी समान बारा भागांची, म्हणून सा २४० असेल तर तिचा ग ३०२.४. ४८० वजा ३०२.४ म्हणजे १७७.६. हा कोणता स्वर? मंद्र पंचम १८०ला असतो. म्हणजे हा २.४नं उतरलेला पंचम, जो मंडळात कुणी गायला नाही आणि पेटीवर कुणी वाजवला नाही. त्याच वेळी आक्का कानानं गाते, तिचा ग ३००च्या जवळ लागतो; तिच्या गंधाराची वजाबाकी बरोबर १८०वर येते. आता १७७.६ आणि १८० शेजारीशेजारी, सेकंदाला दोनअडीच वेळा एकमेकांवर आपटणारे. हे झालं एका सा-गंधाराचं. रिषभ घ्या: सा २४०, रे २७०, वजाबाकी २१०. हा ना शुद्ध निषाद, ना धड कोमल. हरिपाठात पेटीवर एका वेळी दोन-तीन स्वर दाबलेले, वर आठ बायकांचे आठ आवाज. करा हिशेब.

आणि म्हणे सुराला धक्का लागत नाही.

घोगरेपणाचंही तेच. पखवाजाचा धुमा (डावी बाजू) वाजला की त्याची मोठी सावकाश लाट सगळ्यांना उचलून आलेखाच्या वाकलेल्या टोकाशी नेते. त्या क्षणी वर स्वार असलेला आक्काचा आवाज चेपला जातो, लाट उतरली की सुटतो, पुन्हा चेपला जातो. बसलेला घसा तो हा. बाईचा गळा शाबूत आहे. तिला आणि पखवाजाला एकाच चरकातून काढलंय.

म्हणून जवारीची उपमाच वापरायची तर पुरती वापरा. तंबोऱ्यात घोडी एक, पण दोरा प्रत्येक तारेखाली वेगळा, आणि लावणारा एकेक दोरा केसभर सरकवत एकेक तार बोलकी करतो. मिरजेतल्या कुठल्याही कारागिराला सांगून बघा, की चार तारांची जवारी राहू दे, मैफलच घोडीवर ठेव. तो चहा पाजून परत पाठवेल.

फझचा इतिहासही हेच सांगतो. १९६१ साली गाजलेल्या, अमेरिकन गायक मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी'च्या नॅशव्हिलमधल्या रेकॉर्डिंगला मिक्सरच्या एका चॅनेलमध्ये बिघाड झाला आणि त्यावरची बास गिटार फाटक्या आवाजात वाजली. तो आवाज लोकांना इतका आवडला की पुढच्याच वर्षी तो मुद्दाम काढणारी फझ-टोन नावाची पेडल बाजारात आली. पण बिघडला होता एक चॅनेल. गायकाचा आवाज स्वच्छ होता. सगळं टेबल बिघडलं असतं तर ती टेप कचऱ्यात गेली असती.

मास्टरवर सॅच्युरेटर कधीच लावत नाहीत असं मी म्हणत नाही. लावतात, अगदी चिमूटभर, बंद करून ऐकल्यावरच फरक कळेल इतका. फॉरवर्डमध्ये मात्र 'ड्राइव्ह निम्म्यापर्यंत न्या' लिहिलंय, आणि पोरीनं तो नेला.

ओव्हरसॅम्पलिंगचं बटण. ते प्रोसेसर खातं हे खरं. का खातं ते कुणी लिहिलं नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले तर २२,०५०च्या वरचं काही त्यात मावत नाही. आणि वेव्हशेपर नवे स्वर तयार करताना ही मर्यादा पाळत नाही. टाळांतला ५,००० हर्ट्झचा एक अंश घ्या. त्याचा पाचवा हार्मोनिक २५,०००. तो मावत नाही म्हणून दुमडून १९,१००वर येतो. सातवा ३५,०००चा ९,१०० होतो. नववा ४५,०००चा थेट ९००, म्हणजे बायकांच्या आवाजाच्या ऐन मध्यात. यांचं मूळ स्वराशी काही नातं उरत नाही. मूळ स्वर १०० हर्ट्झनं चढवा, तो सातव्याचा ९,१०० उतरून ८,४०० होतो. गाणं वर, भूत खाली. टाळांवरची वाळू ती हीच. ओव्हरसॅम्पलिंग चालू केलं की हिशेब चौपट-आठपट नमुन्यांवर होतो, वरचं गाळलं जातं आणि मग फाइल मूळ मापाला येते. लॅपटॉप दमत असेल तर काम करताना बंद ठेवा, शेवटची फाइल काढताना चालू करा. दोन मिनिटं जास्त लागतात.

कंप्रेसर आणि एमपी३ यांचा संबंध फक्त शब्दापुरता. सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट घेतो, एमपी३ त्यातलं कानाला फारसं न कळणारं टाकून १२८ किंवा ३२० वर आणतो. ते फाइलचं वजन. कंप्रेसर आवाजाची पातळी सांभाळतो. उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर गेलेला आवाज ३:१ प्रमाणाला ४ डेसिबलच वर राहतो. आक्का 'हरि मुखे म्हणा'ला माइकच्या तोंडाशी येते आणि पुढच्या ओळीला शेजारणीकडे बघत गाते. तिला कंप्रेसर नाही लावायचा तर कुणाला लावायचा? एक गोष्ट फॉरवर्डवाल्याच्या बाजूनं मान्य करतो, जरी त्याच्या मनात ती नसावी: कंप्रेसरनंही आवाज फाटतो. १०० हर्ट्झच्या एका लाटेला १० मिलिसेकंद लागतात. अटॅक आणि रिलीज (दाबायला आणि सोडायला लागणारा वेळ) दोन्ही एक-दोन मिलिसेकंदांवर आणले तर कंप्रेसर गाण्याच्या चढउताराऐवजी लाटेच्या चढउतारामागे धावतो, प्रत्येक लाटेचा माथा दाबतो. म्हणजे मागच्या दारानं पुन्हा वेव्हशेपरच. अटॅक वीसेक मिलिसेकंद, रिलीज शंभर-दीडशे, मीटर तीन-चार डेसिबल हलला की हात काढायचा.

शून्याला ठोकणं. भाचीची फाइल मोजली, −७ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापाच्या) आसपास. स्पॉटिफाय मुळातल्या सेटिंगला −१४वर आणून वाजवतं, म्हणजे सात डेसिबल सरळ खाली. यूट्यूबही मोठं गाणं खाली ओढतं. जी तोडफोड करून सात डेसिबल कमावले ते परत गेले, तोडफोड तेवढी राहिली. शिवाय इतकी मोठी फाइल देणार असाल तर शिखरं −२ डेसिबलच्या खाली ठेवा असं स्पॉटिफाय स्वतः सांगतं, कारण फाइल दुसऱ्या प्रकारात बदलताना ती आणखी उसळतात. हो, फार हळू फाइल एसटीत मोबाइलवर ऐकू येत नाही हे कबूल. यूट्यूब हळू गाण्याला वर उचलत नाही हेही कबूल. त्यावर उपाय −१४च्या आसपास राहणं हा आहे.

पायऱ्यांबद्दल काय लिहू? त्या स्क्रीनवर झूम केल्यावर दिसतात. स्पीकरकडे जाणाऱ्या तारेत नसतात.

मग मी भाचीकडून सुटे ट्रॅक मागवले. मास्टर मोकळा केला. आक्काला कंप्रेसर, वर सांगितला तसा. सॅच्युरेटर मी काढून टाकलेला नाही, पखवाजाच्या डाव्या बाजूला लावलाय, फक्त तिथे. तिथला नाद ८० हर्ट्झच्या जवळचा, मोबाइलच्या स्पीकरला तो झेपतच नाही. सॅच्युरेटरनं त्यातून २४० आणि ४०० काढले की ते मोबाइलवर ऐकू येतात आणि खालचा धुमा कान स्वतःच भरून घेतो. ओव्हरसॅम्पलिंग चालू. पहिल्यापेक्षा सात डेसिबल हळू असलेली फाइल रात्री पाठवली.

सकाळी आक्काचा फोन. घशाचा विषय नाही. म्हणाली, "चांगलं झालंय. पण पेटीचा गंधार चढा लागतोय बघ. आणि शेजारणीचे टाळ जरा कमी कर."