ऑस्कर मांजराविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

'मांजराला मृत्यू कळतो हे अमेरिकी शास्त्रज्ञांनी सिद्ध केले असून आजारी माणसाजवळ मांजर फिरकू देऊ नये,' असा संदेश सध्या फिरत आहे. यातील मांजर खरे आहे. निष्कर्ष मात्र मूळ लेखातला नाही.

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथील स्टीअर हाउस या शुश्रूषागृहात, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या मजल्यावर ऑस्कर राहत असे. अखेरच्या घटका मोजणाऱ्या रुग्णाशेजारी तो जाऊन बसतो, आणि आतापर्यंत २५ हून अधिक मृत्यूंच्या वेळी तो असाच हजर होता, असे डॉ. डेव्हिड डोसा यांनी २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. ते अनुभवकथन होते. त्यात ना प्रयोग होता, ना ऑस्कर किती वेळा चुकला याची मोजदाद. मरणासन्न शरीराचा बदललेला वास त्याला येत असावा, हा केवळ अंदाज आहे. (प्रशिक्षित कुत्रे मधुमेहींची उतरलेली साखर वासावरून ओळखू शकतात, त्यामुळे तो अगदीच निराधार म्हणता येत नाही.)

शिवाय तेथे ऑस्करला सहसा कोणी हाकलत नव्हते. तो बसलेला दिसताच कर्मचारी नातेवाइकांना बोलावून घेत. त्यामुळे हा संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासाही द्यावा.