मॅडम, स्कूटर त्या बाजूला

शोरूमचं काचेचं दार ढकलून आत पाऊल टाकलं नाही तोच टाय लावलेलं एक पोरगं धावत आलं आणि हात लांब करून म्हणालं, "मॅडम, स्कूटर त्या बाजूला."

विचारलं होतं का मी तुला? स्कूटर आहे माझ्याकडे. अकरा वर्षं झाली, सीट दोनदा बदलली, आणि तिचा मला इतका वीट आलाय की उद्या ती नाशिकच्या द्वारका चौकात बंद पडली तर मी बाजूला लावून आधी निवांत चहा पिईन. मला मोटारसायकल घ्यायचीय. गिअरची, क्लचची. हे त्याला स्वच्छ मराठीत सांगितलं, तर पठ्ठ्या माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागला. मागे माझा नवरा हेल्मेट काढत उभा होता. "या ना सर, बसून बघा!"

सरांना गिअरची दुचाकी येत नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली, मी दहादा शिकवायला काढली, दहाही वेळा त्यांना ऐनवेळी काहीतरी काम निघालं. बिचारा कानकोंडा होऊन म्हणाला, "गाडी हिला घ्यायचीय." त्यावर उत्तर काय यावं? "अरे वा सर, गिफ्ट का?"

गिफ्ट! माझ्या पगारातून, माझ्या एफडीतून, आणि गिफ्ट!

गेला दीड महिना हेच चाललंय. मुंबई नाका झाला, नाशिकरोड झालं, सातपूर झालं. जाईल तिथे माझ्याशी कोणी बोलतच नाही. माझ्या आजूबाजूच्या हवेशी बोलतात.

आता माझं थोडं सांगते, नाहीतर वाटेल बाईला चाळिशीत काहीतरी नवीन खूळ सुचलंय. आमचे अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. त्यांची जुनी बुलेट, कास्ट आयर्न इंजिनवाली. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. पहिला वर, बाकीचे तीन खाली. ती चालू करणं म्हणजे सत्यनारायणाची पूजा मांडण्यासारखं होतं. किक हलकेच दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, इंजिनातला दाब सोडणारा डिकंप्रेशनचा लिव्हर दाबून किक बोटभर पुढे सरकवायची, लिव्हर सोडायचा, किक परत वर येऊ द्यायची आणि मग सगळं वजन टाकून एकच लाथ. जमलं तर गल्लीभर आवाज. चुकलं तर किक उलटी येऊन नडगी सोलून काढायची. माझ्या उजव्या नडगीवर ती खूण अजून आहे. १९९९ साली लायसन्स काढलं, गिअरचं. नाशिकरोडहून गंगापूर रोडला कॉलेजात मी याच गाडीवर जायचे. तेव्हा हायवेवर उड्डाणपूलसुद्धा नव्हता. २००८ मध्ये लेक झाली, २००९ मध्ये अण्णांनी गाडी विकली आणि मी स्कूटरवर आले. पायापाशी दप्तर, हुकाला भाजीची पिशवी, मागे लेक. आता लेक पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. पायापाशी ठेवायला काही उरलं नाही, म्हणून म्हटलं, आता आपली गाडी घेऊ.

सतरा वर्षांचा खंड आहे, हे मला कळतं. मी काही "पोहणं कधी विसरतं का" असल्या भ्रमात नाही. विसरतं. आणि नुसतं विसरलं असतं तर परवडलं असतं, इथे उलटंसुलटं लक्षात राहिलंय. आता सगळ्या गाड्यांना गिअर डाव्या पायात आणि ब्रेक उजव्या. माझा उजवा पाय अजून गिअर शोधतो. त्याहून वाईट म्हणजे डावा हात. स्कूटरला डाव्या हाताशी मागचा ब्रेक असतो, मोटारसायकलला क्लच. इतकी वर्षं हा हात घाबरला की करकचून दाबतो. स्कूटर थांबते. मोटारसायकलवर तोच हात तसाच दाबला तर गाडी इंजिनातून सुटून उलट मोकळी घरंगळते! माझी खरी भीती ही आहे. ही भीती घालवायला मला हवी आहे एक नीट टेस्ट राइड. अर्धा तास. बास.

अर्धा तास कोणी देत नाही हो.

पहिल्या ठिकाणी डेमोची गाडी सर्व्हिसिंगला गेली होती. दुसऱ्या ठिकाणी गाडी होती, पेट्रोल नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी गाडीही होती आणि पेट्रोलही होतं, पण ते पोरगं टुणकन मागे बसलं. "पॉलिसी आहे मॅडम." माझ्या आधी दाढी-मिशीही नीट न फुटलेला एक मुलगा एकटाच गाडी घेऊन गेला होता, ती कुठली पॉलिसी? वर विचारतो, "गिअरचं लायसन्स आहे ना मॅडम?" त्या मुलाला विचारलं नव्हतं. दाखवलं लायसन्स. उलटसुलट करून पाहिलं. तुझ्या जन्माआधीचं आहे रे ते.

मग निघालो. सर्व्हिस रोडने पेट्रोल पंपापर्यंत जायचं आणि यायचं. दीड किलोमीटर असेल फार तर. सरळ. एकही वळण नाही, चढ नाही, सिग्नल नाही. मागे ऐंशी किलोचा माणूस श्वास रोखून बसलेला, आणि कानाशी अखंड सूचना: "क्लच हळू मॅडम… उजवीकडे रिक्षा मॅडम… पुढचा ब्रेक नका मारू, पडाल!"

इथे माझं डोकं फिरलं. अरे, गाडी थांबवायचं जास्तीत जास्त काम पुढचाच ब्रेक करतो! ब्रेक लागला की वजन पुढे येतं, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, म्हणून. अण्णांच्या गाडीला ड्रम ब्रेक होते, तरी ते मला ओरडायचे, "दोन्ही दाब, दोन्ही." आता तर १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, आणि ते विकणारा माणूस मला सांगतोय की पुढचा ब्रेक वापरू नका! हा मुलगा दिवसाला किती जणांना हे शिकवत असेल?

परत येऊन हेल्मेट काढते न काढते तोच, "कशी वाटली? पाच हजार टोकन टाकून ठेवता का?"

कशी वाटली म्हणजे? मला काय कळलं त्यात? मला हे बघायचंय की इंदिरानगरच्या बोगद्यापाशी संध्याकाळी साडेसहाला अर्ध्या क्लचवर वीस मिनिटं सरकत राहिल्यावर माझं डावं मनगट शाबूत राहतं का. मला हे बघायचंय की आमच्या पार्किंगच्या उतारावरून ही मला एकटीला मागे ओढता येते का. गाडी चालवण्याइतकीच मला ती ढकलायचीही भीती आहे. माझी उंची पाच फूट दोन इंच. म्हणून सगळीकडे मी दोनच गोष्टी विचारते, सीट किती उंच आणि वजन किती. उत्तर मिळतं, "मॅडम, सात कलर आहेत."

शेवटी घरी बसून मीच कागद केला. रॉयल एनफिल्डच्या तीन गाड्या आधी: क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटर, वजन १९५ किलो. हंटर ७९० आणि १८१. मिटिऑर ७६५, म्हणजे पाय आरामात टेकतील, पण वजन परत १९१. टीव्हीएसची रोनिन ७९५, मात्र वजन १६० च्या आसपास. बजाजची अ‍ॅव्हेंजर तर ७३७, जवळपास पाटच. आणि एवढं लिहूनही काम होत नाहीच, कारण पाय टेकणं नुसत्या उंचीवर नसतं. सीट पुढे निमुळती असेल तर उंच गाडीवरही टाच टेकते, आणि पसरट असेल तर बुटक्या गाडीवरही चवडेच टेकतात. ते फक्त बसून कळतं. एकेका गाडीवर दहा मिनिटं, चपला नाही, बूट घालून, गाडी स्टँडवरून काढून बसून. मी असं बसले की शोरूममधली चार माणसं अशी सरसावून उभी राहतात, जणू कपाटावर चढलेलं मूल आहे.

सल्ले तर विचारूच नका. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, बुलेटच घ्या, रुबाब येतो." बिल्डिंगमधले काका म्हणाले, "आता या वयात?" काका, तुम्ही पासष्टाव्या वर्षी ड्रोन घेतलात आणि तो माझ्या बाल्कनीत पडला, मी काही बोलले? त्यांचा मुलगा म्हणतो काकू, केटीएम घ्या. ऑफिसातले एक साहेब, "घ्या आणि समृद्धीवर काढा, काय पळेल!" समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे हो साहेब. बहिणीने इलेक्ट्रिक स्कूटरच्या सोळा लिंका पाठवल्या.

एकच माणूस कामाचं बोललं, सासूबाई. वय चौऱ्याहत्तर. "मागे बसता येईल ना गं मला? वणीला जाऊ गडावर." म्हणून मी शोरूममध्ये साडी गार्डबद्दल विचारलं. तर म्हणे, "ते आम्ही काढूनच देतो मॅडम, लुक जातो." मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, असा नियम आहे, तो कुणाच्या तरी पदराच्या जिवासाठी आहे. लुक जातो!

आणि कोटेशन. सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे मला प्रत्येकाने अशा थाटात सांगितलं, जणू स्वतःच्या खिशातून दिलाय. मग कागद हातात येतो. गार्ड, मॅट, सीट कव्हर मिळून "किट" नऊ हजार आठशे. कोटिंग अठराशे. हँडलिंग चार्जेस अडीच हजार. म्हटलं, काय हँडल केलंत नेमकं? "सिस्टीममध्येच येतं मॅडम." किट नको म्हटलं, तर गाडी दीड महिना वेटिंगला. किट घेतलं तर शनिवारी डिलिव्हरी! विमा मी बाहेरून घेते म्हटलं, तर चेहरा असा केला जणू मी त्याच्या ताटातली पोळी उचलली. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी घ्यावाच लागतो, मान्य. पण तो तुमच्याकडूनच घ्यावा असं कुठे लिहिलंय? दाखवा म्हटलं. मॅनेजर आले, "सर कुठे आहेत?" म्हणाले.

शेवटी अंबडच्या आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने न मागता गाडीची चावी दिली. "मॅडम, रविवारी घेऊन जा, संध्याकाळी द्या." सकाळी सहा वाजता निघाले, गंगापूर रोडने गिरणारेकडे. पहिल्या पाच मिनिटांत दोनदा बंद पाडली. सोमेश्वरच्या पुढे एक कुत्रं आडवं आलं आणि व्हायचं तेच झालं, डावा हात करकचून आवळला गेला. गाडी थांबायच्या ऐवजी अलगद मोकळी होऊन कुत्र्याच्या दिशेने सुटली. कुत्रं शहाणं होतं, ते सरकलं. मी बाजूला थांबले, हात थरथरत होते, आणि मोठ्याने स्वतःला सांगितलं: डावा हात ब्रेक नाही. डावा हात ब्रेक नाही. दूधवाला बघत बघत गेला.

अर्ध्या तासाने कुठे अंग सैल झालं. गिरणाऱ्याला रस्ता मोकळा होता, तिथे उगाच चार यू-टर्न मारले, एकदा पाय टेकला, तीनदा नाही. परत येताना धरणाच्या बाजूने गार वारा आला, तिसऱ्यातून दुसऱ्यात खाली आले ते पायाने आपणहून केलं, मला सांगावं लागलं नाही. हे व्हायला चाळीस मिनिटं लागली. चाळीस! आणि यांच्या पेट्रोल पंपाच्या फेरीला सहा मिनिटं लागतात, त्यातली दोन कोणी कुठे बसायचं ते समजावण्यात. तेवढ्यावर मी सव्वादोन लाख काढून द्यायचे.

हे लिहितेय तर त्याच टायवाल्या पोराचा फोन. "मॅडम, महिनाअखेर आहे, आज बुकिंग केलंत तर सीट कव्हर फ्री. सरांना विचारून सांगता का?"

सर आत कुकरपाशी उभे आहेत. विचारलं. तीन शिट्ट्या झाल्यात म्हणाले.