10 टक्क्यांच्या आतला शोधनिबंध

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर सध्या एकच वाद रंगला आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना चांगला शोधनिबंध जमत नाही, कारण त्यांचे इंग्रजी कच्चे. दुसरी बाजू उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल पुढे करते आणि म्हणते, इतर लिखाणाशी साम्य 10 टक्क्यांच्या आत आहे, मग दोष कोणता? जर्मनीतल्या ग्योटिंगनमध्ये बसून हे वाचताना माझी चिडचिड होते, कारण त्या निबंधात मुळात प्रश्न काय आहे, हे दोन्हींपैकी कोणी एकदाही विचारलेले नाही.

ही 10 टक्क्यांची रेघ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीतली आहे. तेवढ्या साम्याला शिक्षा नाही, इतकाच तिचा अर्थ. ते गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र नव्हे. शिवाय आमच्याकडे एक खास सोय आहे: कन्नड प्रबंधातला परिच्छेद मराठीत उतरवला, की यंत्राला बहुधा पत्ता लागत नाही. जर्मन लोक फार सोवळे आहेत असे मला सुचवायचे नाही. 2011 मध्ये इथल्या संरक्षणमंत्र्यांना आणि 2013 मध्ये तर शिक्षणमंत्र्यांनाच डॉक्टरेटमधल्या उचलेगिरीवरून जावे लागले. पण जावे लागले, हे मी मुद्दाम लिहिले, तेव्हा गट गप्प राहिला.

निपाणीच्या एका विद्यार्थिनीने मध्यंतरी मला आपला निबंध पाठवला. शीर्षक 'तंबाखू उत्पादन : समस्या व उपाय', पहिले वाक्य 'भारत हा कृषिप्रधान देश आहे', पुढे दोन पाने सिंधू संस्कृतीपासूनची शेती आणि शेवटी 'शासनाने लक्ष द्यावे'. मुलगी हुशार आहे. तिची आजी तंबाखूच्या वखारीत कामाला जात असे, हे तिने बोलता बोलता सांगितले. निबंधात मात्र त्याचा मागमूस नाही. 1981 च्या तंबाखू आंदोलनात शेतकऱ्यांनी भाव मागितला, त्यानंतर वखारीतल्या बायकांच्या रोजात काय फरक पडला, एवढेच शोध, असे मी तिला सुचवले. या प्रश्नाचे उत्तर 'काहीच नाही' असेही निघू शकते. 'समस्या व उपाय'मध्ये ती शक्यताच नसते.

मग कामाला दिशा येते. त्या वर्षांतल्या 'तरुण भारत'च्या फायली, मिळाल्या तर वखारींच्या हजेरीवह्या, कामगार खात्याचे आदेश, म्हाताऱ्या झालेल्या कामकरी बायकांच्या मुलाखती. टिपण काढतानाच पान आणि तारीख लिहावी, दुसऱ्याचे वाक्य अवतरणचिन्हांत घालावे आणि आपले मत वेगळे ठेवावे, कारण बरीचशी उचलेगिरी गलथान वहीतूनच होते. आजीचे म्हणणे आणि हजेरीवही यांत तफावत आली, तर ती झाकू नये. तिथेच लिहिण्यासारखे सर्वांत जास्त असते. सारांश आणि प्रस्तावना शेवटी लिहावी. यातल्या कशालाही इंग्रजी आडवे येत नाही.

कन्नड मात्र लागते, आणि यावरून गटावर खडाजंगी झाली. 1956 पासून ज्या राज्याशी आपण भांडतो, त्याचेच कागद पुरावा म्हणून द्यायचे का, असे एका ज्येष्ठ सरांनी विचारले. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; समोरच्याचे कागद वाचल्याशिवाय तिथे तरी कोणता वकील उभा राहील? माझ्या सेमिनारमधली पोलिश मुलगी प्रशियाचे, म्हणजे पोलंडचा काही भाग गिळलेल्या जुन्या जर्मन राज्याचे, दप्तर चाळते, म्हणून तिचे पोलिशपण उणे झाले असे मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, कोणी म्हणत नाही.

'तिकडे बसून सांगायला सोपे' असे उत्तर आले, आणि ते मला झोंबले, कारण ते खोटे नाही. इथे मला मत नाही आणि तिथल्या रेशनकार्डातून नाव गेले. आउसलेंडरबेहर्डेच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीच्या, फॉर्मवर मी मुकाट्याने कर्नाटक लिहिते, आणि घरी फोनवर ते सांगत नाही. शाळेत कन्नड आम्ही रागारागाने शिकलो. आज त्याच कन्नडच्या बळावर मी त्या मुलीला व्हिडिओ कॉलवर सरकारी कागद वाचायला मदत करते आणि त्याचा मला अभिमान वाटतो, हे सरांना कसे सांगावे ते कळत नाही.

तिने एका जुन्या आदेशाचा फोटो पाठवला आहे. त्यात रोजाचा आकडा स्पष्ट आहे, पण तो तंबाखूच्या वखारीचा की विडी कारखान्याचा, हे वरच्या फाटलेल्या ओळीत गेले आहे. मूळ प्रत पाहिल्याशिवाय तो आकडा निबंधात घालू नकोस, असे मी तिला कळवले आहे.