गालिच्यावर सगळेच बूट चांगले

रेट्रो स्नीकर म्हणून सध्या जे खपतं, ते मुळात खेळाडूंचे बूट. कॉन्व्हर्सचा कॅनव्हासचा बूट १९१७चा, बास्केटबॉलसाठी. नायकीचा एअर फोर्स वन १९८२चा, तोही बास्केटबॉलचाच. मी त्याच वळणाचा, पण खिशाला झेपेल असा पांढरा बूट शोधत होतो. बास्केटबॉल मी जन्मात हातात धरलेला नाही. माझा खेळ म्हणजे डोंबिवलीला चढून दादरला उतरणं. त्यात उडी आहे, धक्काबुक्की आहे, फक्त पंच नाही.

भाच्याने बजावलं होतं, "मामा, आतलं लेबल बघ." चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. तीन बारीक चित्रं, बुटाच्या वरच्या भागासाठी, अस्तरासाठी आणि तळासाठी एकेक. पसरलेलं कातडं असेल तर चामडं, जाळी असेल तर कापड, आणि टोकावर उभा केलेला चौकोन म्हणजे यांपैकी काहीच नाही. आमच्या बुटावर तिन्ही चौकोन.

"व्हीगन लेदर आहे सर," विक्रेता म्हणाला.

आमच्या आईची रेक्झिनची भाजीची पिशवी हयातभर व्हीगन होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय सुजतात. मी गेलो संध्याकाळीच. आठ नंबरात करंगळी रुसली, नऊमध्ये टाच पोहायला लागली. यूकेच्या दोन नंबरांत फरक इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याचा, आणि माझा पाय नेमका त्या फटीत.

"चालून बघा ना सर."

गालिच्यावर चार पावलं टाकून काय कळणार? तळ सपाट आहे, हे कळायला दादरचा पूल चढावा लागतो. त्यात तिथला आरसा तिरका, गुडघ्यापर्यंतचाच. त्यात मी चक्क पंचविशीतला दिसलो.

खरी मेख नाडीची. गणपतीची वर्गणी मागायला निघालं की दर दाराशी वाका, सोडा, पुन्हा बांधा. पण देवळाच्या बाबतीत या बुटाला तोड नाही. महागडे बूट बाहेर काढले की हात देवापुढे आणि जीव पायरीवर. हे गेले तर फार तर एक सुस्कारा.

बायकोला फोटो पाठवला. तत्काळ उत्तर: "पांढरे? धुणार कोण?"

"यातच काळा आहे का हो?"

"आहे की सर, दहा नंबर. आत जाड सोल टाकून देतो, फिट्ट बसेल."