खुलासा: ब्रेडेड लाइनला थेट गळ बांधू नका
कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रॉकफिश (खडकाळ तळाशी राहणारे मासे) गरवायला जाणाऱ्या आपल्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: "ब्रेडेड लाइन तंगुसापेक्षा मजबूत, गळ थेट तिलाच बांधा, लीडर नको." ब्रेडेड म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी, तंगूस म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, आणि लीडर म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला वेगळा तुकडा. यातलं पहिलं खरं आहे. तेवढ्याच जाडीत ब्रेडेड जास्त वजन पेलते. पण ती ताणाला पक्की, घासण्याला नाही. शिंपल्यांनी भरलेल्या खडकावर ताणलेली लाइन घासली की बारीक धागे पिंजतात. बोट फिरवून बघा, कापसासारखी लव लागते. पुढचा मोठा मासा ती घेऊनच जातो. म्हणून रिळावर ब्रेडेड, पुढे दोन-तीन हात नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर. ब्रेडेड निसरडी, साधी गाठ सरकते. लीडर जोडायला एफजी किंवा डबल युनी या गाठी घाला.

"फ्लुरोकार्बन पाण्यात अदृश्य" हेही अर्धवटच. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) सुमारे १.४२, पाण्याचा १.३३; अदृश्य व्हायला दोन्ही सारखे हवेत. नायलॉनपेक्षा कमी दिसतो, एवढंच.

शिसं (दोरी तळाला नेणारं वजन) मात्र सगळ्यात खाली, लीडरपेक्षा कच्च्या तंगुसाने बांधा. खडकात अडकलं तर तेवढंच तुटेल, गळ आणि मासा वर येईल. आणि हो, तिथे रॉकफिशला माणशी एक लाइन आणि दोनच गळ चालतात. मेसेजमधल्या फोटोत पाच दिसतायत!