भिंत फोडण्याआधी : कन्सील्ड वायरिंगबद्दलच्या एका संदेशाला उत्तर

घरातले दोन-तीन दिवे एकदम बंद पडले तर काय करावे, हे सांगणारा एक संदेश बरेच दिवस या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : दिवे एकत्र गेले म्हणजे भिंतीतली वायर तुटली, टेस्टरचा दिवा लागला तर तिथवरची वायर चांगली, न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) गेला असेल तर तो शेजारच्या बोर्डातून घ्यावा, एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत असेल तर मोठा बसवावा, आणि एवढे करूनही दिवे लागले नाहीत तर भिंत फोडावी.

पहिलेच गृहीतक चुकीचे आहे. पाइपातून गेलेली अखंड तांब्याची वायर आपोआप मधेच तुटत नाही. तिला खिळा, ड्रिल, ओल किंवा उंदीर असे काही कारण लागते. बिघाड बहुतेक वेळा जोडावर, म्हणजे स्विचबोर्ड, जंक्शन बॉक्स, सीलिंग रोज (छतावरची जोडाची डबी) किंवा होल्डर इथे असतो, आणि हे जोड उघडून पाहता येतात. फेज (प्रवाह आणणारी जिवंत वायर) आणि न्यूट्रल एका बोर्डातून दुसऱ्यात लूप करत नेलेले असल्यामुळे, कोणते दिवे लागतात आणि कोणते नाहीत याची नोंद केली की शेवटचा चालू आणि पहिला बंद दिवा यांच्यामधले एक-दोन बोर्डच संशयित उरतात. माझ्या घरी तीन दिवे गेले तेव्हा मेन बंद करून असा एक बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या चार वायरी नुसत्या पिळून त्यांवर टेप गुंडाळलेली होती. टेपचा गोंद वाळून भुगा झालेला, आतले तांबे काळे पडलेले, आणि हलकेच ओढताच एक वायर हातात आली. चारही टोके स्वच्छ सोलून कनेक्टरमध्ये घट्ट बसवली, एवढीच दुरुस्ती.

टेस्टरबद्दलचे विधान अधिक फसवे आहे, कारण ते अर्धे खरे आहे. स्विच चालू आणि दिवा जागेवर असताना होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लागला, तर न्यूट्रल तुटल्याचा संशय रास्त ठरतो. परंतु टेस्टरमधला निऑन दिवा अत्यल्प विद्युतप्रवाहावरही लागतो, म्हणून सैल, जळका जोडही त्याला चांगला वाटतो, आणि एकाच पाइपात फेजशेजारी पडलेली, दोन्हीकडून सुटी वायरही जिवंत भासते. डिजिटल मल्टिमीटरही अशा सुट्या वायरीवर भलताच आकडा दाखवतो. त्या दोन टोकांना जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब टेस्ट लॅम्प म्हणून जोडला की खोटा दाब (व्होल्टेज) लगेच नाहीसा होतो. (एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, तोही अत्यल्प प्रवाहावर मिणमिणतो.)

शेजारच्या बोर्डातून न्यूट्रल घेण्याचा सल्ला तर घातक आहे. दोन्ही सर्किटे वेगवेगळ्या आरसीसीबीवर (गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) असतील, तर जाणारा आणि परतणारा प्रवाह जुळत नसल्याने आरसीसीबी पडत राहतात. दोन्ही सर्किटे एकाच आरसीसीबीवर असतील तर काहीच पडत नाही, आणि खरा धोका तिथे आहे : उद्या कोणी शेजारच्या सर्किटचा एमसीबी बंद करून निश्चिंतपणे न्यूट्रलची गाठ सोडली, तर हातातल्या सुट्या टोकावर पलीकडच्या चालू दिव्यातून 230 व्होल्ट येतात.

मोठ्या एमसीबीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. 9 वॉटचे दहा एलईडी दिवे मिळून एक अँपियरही घेत नाहीत. तरी 6 अँपियरचा एमसीबी पडतो, म्हणजे कारण लोड नसून शॉर्ट किंवा अर्थकडे गळती आहे, आणि मोठा एमसीबी तीच बिघडलेली वायर आणखी तापू देतो. अशा वेळी पुरवठा बंद करून, सगळे दिवे आणि डिमर काढून, 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने) एकेक तुकडा सुटा करून तपासावा. ज्या तुकड्याच्या इन्सुलेशनचा रोध 1 मेगओहमच्याही खाली येतो, त्याच्या वाटेवर अलीकडे कोणता खिळा ठोकला हे घरातल्यांना विचारावे. मेगर जवळ नसेल तर ही पायरी इलेक्ट्रिशियनवर सोपवावी.

वायर खरोखर भिंतीतच खराब निघाली, तरी भिंत फोडणे हा शेवटचा उपाय. जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधून, शंखजिऱ्याची भुकटी लावून, एकाने इकडून सारत आणि दुसऱ्याने तिकडून ओढत पूर्ण तुकडा बदलता येतो. पाइपाच्या आत जोड मात्र कधीही ठेवू नये. पाइप दबलेला असेल किंवा त्यात सिमेंट उतरलेले असेल, तर तेवढ्या टप्प्यापुरती भिंतीवरून केसिंग पट्टी (आत वायर झाकणारी पट्टी) न्यावी आणि जुन्या वायरीची दोन्ही टोके बोर्डांतून सोडवून बंद करावीत.